पॅकेज सोडलं, पॉलिटिक्स धरलं!

हिंजवडीतली पाच वर्षांची नोकरी, वाकडच्या फ्लॅटचा हप्ता, घरी लग्नाचं टुमणं... आणि अशात अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा कॉलेजात जायचं? तेही राज्यशास्त्र शिकायला? 'स्कोप काय?' या लाखमोलाच्या प्रश्नाचं हे एक प्रामाणिक उत्तर!

'म्हणजे आता निवडणुकीला उभी राहणार का गं तू?'

मी राज्यशास्त्रात एमए करतेय म्हटल्यावर दहापैकी सहा जण हेच विचारायचे. उरलेल्यांपैकी तिघे 'म्हणजे यूपीएससी ना?' असं म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकायचे. आणि शेवटचा एक काहीच बोलायचा नाही. तो फक्त माझ्या आईकडे बघायचा. सहानुभूतीनं!

आपल्याकडे शिक्षणाची एक शिडी ठरलेली आहे. सायन्सला गेलेला पोरगा हुशार, कॉमर्सवाला व्यवहारी आणि आर्ट्सवाला... जाऊ दे. त्यात इंजिनीअर होऊन, कमावती होऊन परत आर्ट्सला जाणं म्हणजे लिफ्टनं दहाव्या मजल्यावर जाऊन जिन्यानं खाली उतरण्यासारखं. तरीही मी उतरले. २०२३ ते २०२५ अशी दोन वर्षं दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, म्हणजे जेएनयूत, आंतरराष्ट्रीय संबंध शिकले. तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात असा किडा वळवळत असेल, तर पुढचं वाचा. नसेल तरी वाचा. कारण हा विषय तुमच्या पगाराच्या स्लिपपर्यंत पोचलेला आहे, फक्त तिथं त्याचं नाव छापलेलं नसतं.

एका गुरुवारी काय झालं

२४ फेब्रुवारी २०२२. आमच्या प्रोजेक्टची टेस्टिंग टीम युक्रेनमधल्या खारकीव्ह शहरात होती. ओळख म्हणाल तर रोजचा अर्ध्या तासाचा कॉल आणि चॅटवरचे स्मायली. त्या दुपारी कॉलवर त्यांच्यापैकी कुणीच आलं नाही. संध्याकाळपर्यंत दोघांचे मेसेज आले. एक जण तळघरात होता, दुसरी गाडीत, पश्चिमेच्या वाटेवर. आमच्याकडे तोवर त्यांच्या जागी कोणाला घ्यायचं याची मीटिंग सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत रशियाच्या हल्ल्याविरोधात ठराव आला. ११ देश बाजूनं, रशियाचा नकाराधिकार, आणि भारत, चीन, संयुक्त अरब अमिराती हे तीन देश तटस्थ. झालं, आमच्या कँटीनमध्ये दोन तट पडले. एक म्हणे, 'बरोब्बर केलं, आपला फायदा बघायचा!' दुसरा म्हणे, 'लाज वाटली पाहिजे.' दोन्हीकडची माणसं माझी दोस्त, दोघांचाही आवाज चढलेला, आणि 'पण भारतानं असं का केलं?' याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. मतं होती हो, ढिगानं होती! कारणं नव्हती. मला ती कारणं हवीशी वाटू लागली. आधी व्हिडिओ पाहिले, मग पुस्तकं आणली, मग लक्षात आलं की हे वीकेंडला उरकण्यासारखं काम नाही.

बाबांचं कालनिर्णय

घरी सांगितलं तेव्हा आई गप्प झाली आणि बाबांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं. सगळा जन्म एसटीच्या हिशेब विभागात काढलेला माणूस. गेलेल्या महिन्याचं पान उलटं करून त्यांनी आकडे मांडायला घेतले.

फ्लॅटचा हप्ता ३१ हजार. फ्लॅट भाड्यानं दिला तर येणार १९ हजार. म्हणजे दरमहा १२ हजारांचा खड्डा. दिल्लीत हॉस्टेल, मेस, पुस्तकं, प्रवास धरून ८ हजार. एकूण महिना २० हजार. माझी शिल्लक साडेसहा लाख.

'दोन वर्षांचे ४ लाख ८० हजार,' मी म्हटलं, 'बसतंय की!'

'दोन नाही, अडीच वर्षांचं धर,' बाबा म्हणाले. 'पास झाल्या दिवशी नोकरी घेऊन कुणी दारात उभं राहत नाही.'

सहा लाख. उरले ५० हजार. 'आणि आमचं दुखलंखुपलं?' हे आईनं विचारलं नाही, पण त्या ५० हजारांकडे ती बराच वेळ बघत राहिली. मला आजही वाटतं, या विषयातला सगळ्यात अवघड पेपर तोच होता. स्वप्नाच्या मागे जा, असं सांगणारे पोस्टर भिंतीवर छान दिसतात. पण स्वप्नाचा हप्ता घरातले सगळेच भरत असतात. शेवटी ठरलं ते असं : अडीच वर्षं, एक दिवसही जास्त नाही. आणि त्या काळात लग्नाचा विषय काढायचा नाही, ही माझी अट. आईनं ती अट जवळजवळ पाळली!

नद्यांच्या गावात

जेएनयूत एमएला २०२२ पासून सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची परीक्षा आहे. पर्यायांवर टिकमार्क करायची, चुकलात तर गुण वजा. मी रात्री नऊ ते बारा असा सहा महिने अभ्यास केला आणि नंबर लागला.

मी गेले तो विभाग म्हणजे 'स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज'. विद्यापीठापेक्षाही म्हातारा! १९५५ मध्ये दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये ही संस्था स्वतंत्रपणे सुरू झाली आणि १९७० मध्ये जेएनयूत आली. २०१९ मध्ये परराष्ट्रमंत्री झालेल्या एस. जयशंकर यांची पीएचडी इथलीच. कॅम्पसवर हॉस्टेलांना नद्यांची नावं आहेत. गोदावरी, कोयना, चंद्रभागा अशी नावं दिल्लीच्या लाल दगडांत वाचली की नाशिकच्या मुलीला कसं वाटेल, सांगा! पहिल्याच दिवशी घरी फोन केला, 'आई, गोदावरीवरूनच चाललेय.' वर्गातली सगळी पोरं एकवीस-बावीसची. मी आपोआप 'दीदी' झाले. कँटीनचं बिल दीदीनं भरायचं असतं, हा आंतरराष्ट्रीय कायदाही तेव्हाच कळला.

पहिलं सेमिस्टर जेमतेम सुरू होतंय तोच सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० परिषदेसाठी निम्मी दिल्ली बंद! परिषद संपल्यावर आम्हाला एक काम दिलं गेलं : २०२२ च्या बाली परिषदेचं निवेदन आणि दिल्लीचं निवेदन शेजारी शेजारी ठेवा आणि युक्रेनबद्दलचे परिच्छेद शब्द न् शब्द ताडून बघा. बालीत रशियाच्या आक्रमणाचा नाव घेऊन निषेध करणाऱ्या ठरावाचे शब्द आहेत. दिल्लीत ते नाहीत. प्रदेश बळकावण्यासाठी बळ वापरू नका, हे आहे. पण कुणी, ते नाही. एवढे दोन-तीन शब्द गळल्यामुळे रशिया, चीन, अमेरिका आणि युरोप यांच्या सह्या एका कागदावर आल्या. युक्रेन मात्र नाराज झालं. पाच वर्षं कोडमधला चुकलेला सेमिकोलन शोधणाऱ्या मला वाटलं, अरे, हे तर आपलंच काम!

फंडे क्लिअर!

आता थोडी थिअरी. घाबरू नका, सोसायटीच्या भाषेत सांगते.

अशी एक सोसायटी आहे, जिला चेअरमन नाही, सेक्रेटरी नाही आणि जवळ पोलिस चौकीही नाही. भांडण झालं तर जायचं कुणाकडे? कुणाकडेच नाही. अमेरिकन अभ्यासक केनेथ वॉल्ट्झनं १९७९ च्या पुस्तकात जगाचं वर्णन साधारण असंच केलं. याला 'अराजक' म्हणतात. म्हणजे गोंधळ नव्हे, तर कुणी 'वरचा' नसणं. अशा सोसायटीत मी घाबरून दाराला ग्रिल लावलं, कॅमेरा बसवला. माझा हेतू साधा. पण समोरच्याला वाटतं, हिचं काहीतरी चाललंय. तो मोठा कुत्रा आणतो. मी दुसरा कॅमेरा लावते. चोर एकही आलेला नाही. पण दोघांचे पैसे गेले आणि झोपही गेली! हा झाला 'सुरक्षेचा पेच'. शस्त्रस्पर्धा अशाच सुरू होतात आणि दोन्ही बाजूंना मनापासून वाटत असतं की आपण फक्त बचाव करतोय.

मग १९९२ मध्ये अलेक्झांडर वेंट नावाचा अभ्यासक म्हणाला की थांबा, चेअरमन नसला म्हणून भांडण झालंच पाहिजे असं कुठाय? शेजारी एकमेकांना काय समजतात यावर ते ठरतं. ब्रिटनच्या शेकडो अण्वस्त्रांची अमेरिकेला भीती वाटत नाही, उत्तर कोरियाच्या मोजक्यांची वाटते. का? कारण एक दोस्त, दुसरा दुश्मन! आणि सिंथिया एन्लो ही बाई तर आणखी भन्नाट. ती विचारते, या सगळ्या चित्रात बायका कुठायत? लष्करी तळाभोवती काम करणाऱ्या, केळीच्या मळ्यात राबणाऱ्या, राजदूताच्या घरी मेजवानी सांभाळणाऱ्या? त्या उद्या थांबल्या तर तुमचं परराष्ट्र धोरण किती दिवस चालेल?

एका सेमिनारमध्ये मी आपलं 'आज्ञापत्र' नेलं. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेला राज्यकारभारावरचा ग्रंथ. त्यात टोपीकर व्यापाऱ्यांबद्दल स्पष्ट इशारा आहे : हे इतर सावकारांसारखे नुसते सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी राजे आहेत, यांना समुद्रकिनाऱ्यालगत पक्की जागा देऊ नका. व्यापारी कंपनीच्या मागे उभं असलेलं राज्य ओळखणं, हे आज चिनी बंदरांपासून मोबाइल नेटवर्कपर्यंत सगळीकडे चाललंय. वर्गात सॉलिड चर्चा झाली. शाळेत आपण आज्ञापत्राला पाच मार्कांच्या टिपेत बसवलं होतं!

मामाचा कांदा

निफाड तालुक्यात माझ्या मामाची शेती आहे. थोडी द्राक्षं, बाकी कांदा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली आणि भाव कोसळले. मामाचा फोन आला, 'काय गं, तुझ्या पुस्तकात कांद्याचं काही लिहिलंय का?'

टोमणा होता, पण प्रश्न खरा होता. आणि पुस्तकात लिहिलेलं होतं! रॉबर्ट पटनम यांनी १९८८ मध्ये मांडलं की प्रत्येक सरकार एकाच वेळी दोन टेबलांवर खेळत असतं. एका टेबलापलीकडे परदेश, दुसऱ्यापलीकडे घरचे लोक. एका टेबलावरची चाल दुसऱ्यावर महाग पडू शकते. कांद्यात हे स्वच्छ दिसतं. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा हवा, शेतकऱ्याला भाव हवा, आणि सीमेपलीकडे बांगलादेशची स्वयंपाकघरंही आपल्याच कांद्यावर अवलंबून. म्हणून सरसकट बंदी असताना, मार्च २०२४ मध्ये बांगलादेश आणि अमिरातींसाठी ठरावीक कोटा मात्र सोडला गेला. मैत्री टिकवायला! ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के शुल्क लावून. मधे लोकसभेची निवडणूक. निफाड ज्या दिंडोरी मतदारसंघात येतं, तिथली जागा सत्ताधारी पक्षानं गमावली आणि कांद्याची चर्चा सगळीकडे झाली.

द्राक्षांचं आणखी वेगळं. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. जहाजं सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. युरोपला जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षांचा प्रवास दहा-बारा दिवसांनी वाढला, भाडं वाढलं. द्राक्षाला थोडीच कळतं की गाझात युद्ध चाललंय! मी याच विषयावर टर्म पेपर लिहिला. सुट्टीत मामाला वाचून दाखवला. ऐकून तो म्हणाला, 'म्हणजे माझा भाव येमेनमधला कुणीतरी ठरवतो आणि मी इकडं अडत्याला शिव्या देतो.' मग थोडं थांबून, 'अडत्याला द्यायच्याच, पण.'

मामाला भाव मिळवून देणं माझ्या पदवीला जमलं नाही, हे सांगायलाच हवं. कारण कळलं म्हणून नुकसान भरून येत नाही. पण पुढच्या हंगामात त्यानं निर्यातदाराला पहिला प्रश्न विचारला तो जहाज कुठल्या मार्गानं जाणार याचा.

रूममेट

माझी रूममेट इंफाळची होती. मे २०२३ पासून मणिपूर पेटलेलं, महिनोन्महिने तिथं इंटरनेट बंद. आम्ही वर्गात 'राज्य म्हणजे काय', 'सार्वभौमत्व म्हणजे काय' यावर पानंच्या पानं वाचायचो. ती रात्री साध्या फोनवर आईचा आवाज ऐकायला धडपडायची. एकदा वर्गात कुणीतरी छान इंग्रजीत सांगत होतं की राज्य नागरिकाला सुरक्षितता देतं, त्या बदल्यात नागरिक आज्ञापालन करतो. ती एवढंच म्हणाली, 'आमच्या रस्त्यावर सध्या हा करार स्थगित आहे.' वर्ग शांत. हा विषय पुस्तकात शिकता येतो. पण तो कुणाच्या तरी घरात घडत असतो, हे मला त्या वाक्यानं शिकवलं.

बरं, पण स्कोप?

आलात ना मुद्द्यावर! तर ऐका.

यूपीएससीवाल्यांना हा विषय उपयोगाचा आहे, यात शंका नाही. मुख्य परीक्षेत 'राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध' हा वैकल्पिक विषय ५०० गुणांचा, शिवाय सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात मदत. मराठी मुलांना परराष्ट्र सेवा परकी वाटायचं कारण नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे राजदूत झाले, मराठीतले लेखकही. पण फक्त यूपीएससीसाठी दोन वर्षं घालवू नका. एमए म्हणजे क्लास नव्हे.

बाकीची दारं? नेट परीक्षा देऊन अध्यापन, संशोधन संस्था, पत्रकारिता, व्यापारी संघटना, स्वयंसेवी संस्था, आणि कंपन्यांना राजकीय धोके सांगणाऱ्या सल्लागार फर्म. यातलं शेवटचं दार माझं. पण ते उघडायला पाच महिने लागले. बाबांचं अडीच वर्षांचं गणित अगदी काठावर सुटलं! पूर्वी मला ११ लाखांचं पॅकेज होतं, आता ७ लाख २० हजार आहे. म्हणजे तिसरा हिस्सा गेला. कॉलेजचे मित्र आता मॅनेजर आहेत, मी पुन्हा सगळ्यात ज्युनिअर. रिझ्युमेत माझं कोडिंग आणि डेटा हाताळणं नसतं, तर ही नोकरीही मिळाली नसती. हे सगळं खरं आहे आणि हे लपवून तुम्हाला 'पॅशन फॉलो करा' म्हणणं मला पटत नाही.

मग मिळालं काय? एक उदाहरण देते. १९ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. आपल्याकडे शनिवार सकाळ. सुट्टीवर पुण्याला आलेली माझी जुनी टीममेट रडत फोनवर : 'ऑफिस म्हणतंय लगेच परत या, तिकीट दीड लाखाचं आहे, काय करू?' खात्रीचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. आदेशाची भाषाच संदिग्ध होती. पण आम्ही दोघींनी मूळ आदेश शांतपणे वाचला. सही कुणाची, अंमल कोणतं खातं करणार, त्या खात्याचा खुलासा यायचा बाकी आहे का, ऑफिसच्या वकिलाला नेमकं काय विचारायचं, याची यादी केली. रविवारपर्यंत खुलासा आला : शुल्क फक्त नव्या अर्जांना, जुन्या व्हिसाधारकांना नाही. तिनं तिकीट काढलं नव्हतं. मी काही जादू केली नाही. घाबरलेल्या माणसाला प्रश्न नीट मांडायला मदत केली. दोन वर्षांत मी हेच शिकले.

तुम्हालाही जायचंय?

नोकरी सोडायच्या आधी चव घेऊन बघा. इग्नूचं राज्यशास्त्रातलं एमए नोकरी सांभाळून करता येतं. महाराष्ट्रातच शिकायचं असेल तर मुंबई विद्यापीठाचा नागरिकशास्त्र व राजकारण विभाग आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र विभाग आहे आणि संरक्षण व सामरिकशास्त्राचा वेगळा विभागही आहे. पुण्यातच सिम्बायोसिसचं आंतरराष्ट्रीय संबंधांचं एमए आहे. खासगी असल्यामुळे फीचा हिशेब आधी करा. दिल्लीत सार्क देशांनी २०१० मध्ये सुरू केलेली साउथ एशियन युनिव्हर्सिटी आहे, तिथं शेजारी देशांतली मुलं बाकावर शेजारी असतात.

वाचायची सवय नसेल तर आधी ती लावा. आठवड्याला दोन-अडीचशे पानं वाचायला लागतात आणि तीही बुलेट पॉइंट नसलेली! जुनं कौशल्य टाकून देऊ नका. सीए असाल, इंजिनीअर असाल, वकील असाल, तर तीच तुमची खरी ताकद. एखादी परकी भाषा शिकायला घ्या. आणि घरच्यांसोबत बसून, कागदावर, आकड्यांत हिशेब मांडा. हिशेब बसत नसेल, तर दोन वर्षं थांबण्यात काहीही कमीपणा नाही. जग तोवर तसंच भांडत असेल, काळजी नको!

आणि हो, कुणी विचारलंच, 'निवडणुकीला उभी राहणार का?' तर रागावू नका. त्यांना विचारा, 'तुमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण?' पुढची दहा मिनिटं तुमची.